पाटी पांढरी दिसल्यास लक्ष द्यावे

नाही, पण मला एक सांगा, मी असं काय जगावेगळं मागितलं होतं? मला वाटलं होतं, इतक्या वर्षांनी परत येईन, जिना चढायला लागेन, आणि दर मजल्यावर एक तरी दार उघडं असेल, आतून कोणीतरी म्हणेल, आलीस का गं, किती वाळलीस, टेक आधी, मग जा वर... आणि सापडलं काय? तर दार बंद, दारापुढे लोखंडी दार, लोखंडी दाराला कुलूप, कुलपाच्या वर कॅमेरा, आणि समोरासमोरच्या दोन घरांचे दोन कॅमेरे दिवसरात्र एकमेकांकडे बघत बसलेले, स्थळ बघायला आल्यासारखे, आधी कोणी बोलायचं तेच ठरत नाहीये! बॅग ओढत ओढत मी तिसऱ्या मजल्यावर पोचले, तुम्हाला सांगते, एक कडी वाजली नाही. वर आई मात्र दारात उभी. म्हणाली, कळलं मला तू आलीस ते, ग्रुपवर आलंय. मी खालच्या पायरीवर असतानाच कोणीतरी टाकलं होतं, 'अनोळखी मुलगी, मोठी बॅग, जिन्यात', आणि त्याखाली साऱ्या इमारतीने अंगठे दाखवले होते. मी म्हटलं, अगं आई, अनोळखी? या जिन्यावरून लहानपणी मी दोनदा गडगडत खाली गेलेय, माझा अर्धा दात अजून तिथेच असेल कुठेतरी. तर आई म्हणते, तसं नाही गं, चांगलंच आहे ना, लक्ष असतं सगळ्यांचं.

लक्ष असतं सगळ्यांचं. हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

आता माझं शिक्षण काय, तर वस्ती सुरक्षित कशी ठेवावी, याचं शिक्षण. हसू नका. असतं असं शिक्षण, लांब जावं लागतं त्याला. आमचे सर सांगायचे, शेजारी म्हणजे पहिली पोलीस चौकी. हे मी आईला मोठ्या उत्साहाने सांगितलं तर ती म्हणाली, म्हणूनच कोणी आपणहून पायरी चढत नाही. आईचं हे असं असतं. पण मी भारलेली होते हो! मला वाटत होतं, नुसतं एकदा नीट समजावून सांगायचा अवकाश, लोक काय वाईट नसतात, त्यांना फक्त पद्धत माहीत नसते. आणि पद्धत तर मी बॅगेतून आणलीच होती.

आणि मला निकड होती. तुम्हाला सुईमावशी माहीत नाहीत, नाही का? थांबा, मावशी आधी सांगितल्या पाहिजेत, त्यांच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. दुसऱ्या मजल्यावर राहतात, नर्स होत्या, निवृत्त झाल्या त्यालाही आता जमाना लोटला. आमच्या इमारतीत असा एक दंड नाही ज्यात मावशींची सुई गेलेली नाही. म्हणून सुईमावशी. आणि बाई अशी, की दार वाजवायची नाही, बडवायची. तुमचं पोर शाळेत गेलं नाही हे तुमच्या नवऱ्याला कळायच्या आधी मावशींना कळलेलं, आणि लगेच धाड धाड धाड, उघडा, जीभ दाखव, पोट दाखव, कालपासून साफ झालंय का? सगळ्यांसमोर! लोक वैतागायचे. माझा काका तर मावशींची चाहूल लागली की मोरीत जाऊन नळ सोडून बसायचा. पण लांब राहून मला आठवायच्या त्या मावशीच. तिकडे ताप यायचा तेव्हा वाटायचं, आत्ता कोणीतरी दार बडवावं आणि चारचौघांत माझं पोट विचारावं.

तर या मावशी आता एकट्या. गुडघे गेलेले, जिना बंद, सामानसुमान वर मागवायचं, आणि मुलगा लांब. मुलगा म्हणजे दादा, आम्ही सगळे दादाच म्हणतो त्याला. दादाने एका वृद्धाश्रमात चौकशी केली होती, बाग आहे म्हणे, डॉक्टर आहे, बेल दाबली की माणूस येतो. मावशींनी फोनवर त्याला सांगितलं, बेल दाबून माणूस बोलवायची सवय मला नाही, आयुष्यभर बेल ऐकून धावणारी बाई आहे मी, मी या घरातून हलणार नाही. आणि फोन ठेवला. मग दादाने मला फोन केला. म्हणाला, तू यातलंच शिकून आलीस ना, खरं सांग, आईने तिथे एकटीने राहणं बरं आहे का? तू हो म्हणालीस तर राहू दे, नाही म्हणालीस तर मी येऊन घेऊन जातो.

आता असं कोणी विचारल्यावर माझ्यासारखी काय म्हणणार? मी म्हटलं, दादा, बिनधास्त राहा. मी योजना करते.

योजना अशी, की ऐका, साधी आहे. प्रत्येक दारावर एक लाकडी पाटी, खिळ्याला टांगलेली. एक बाजू हिरवी, एक पांढरी. रात्री झोपताना आपली पाटी पांढरी करायची, सकाळी उठलो की हिरवी. हिरवी म्हणजे, उठलोय, हिंडतोय, बरा आहे. आणि उन्हं चांगली वर आली तरी कोणाची पाटी पांढरीच राहिली, तर शेजाऱ्याने दार वाजवायचं. संपलं! खर्च नाही, वीज नाही, कॅमेरा नाही. तिकडे एका गल्लीत मी स्वतः बघितलंय, लोक चहाचा कप हातात घेऊन एकमेकांच्या पाट्या बघत यायचे.

सभा घेतली. खाली, जिन्याच्या तोंडाशी, खुर्च्या मांडून. आमचे अध्यक्ष म्हणजे शाळेत कवायत शिकवायचे, शिट्टी अजून गळ्यात असते, आंघोळीला काढत असतील तर देव जाणे. त्यांना तर योजना इतकी आवडली की त्यांनी उभं राहून सगळ्यांना 'सावधान' म्हटलं आणि दोघंतिघं उभे राहिलेसुद्धा. फक्त एकच माणूस आडवा आला, तक्रारभाऊ. पहिला मजला, बरोबर मावशींच्या खाली. या माणसाची कशाला तक्रार नाही ते विचारा. वर खुर्ची सरकली, तक्रार. वर खुर्ची सरकली नाही, तर मग एवढा वेळ करतायत काय, म्हणून तक्रार. तो म्हणाला, मी बरा आहे की नाही ते माझं मला माहीत, दाराला कशाला सांगायचं? पाटी लावणार नाही. मी मनात म्हटलं, असू दे, सरांनी सांगितलंच होतं, प्रत्येक वस्तीत एखादा असतो असा, त्याला वगळून पुढे जायचं.

मग नियमाची भाषा ठरवायची वेळ आली, आणि इथेच, तुम्हाला सांगते, इथेच सगळं बिनसलं. मी सरळ लिहिलं होतं, 'पाटी पांढरी दिसल्यास दार वाजवावे.' तर मावशींच्या समोर राहणाऱ्या काकू, शिवणकाम करतात, मशीन सतत चालू, त्या म्हणाल्या, अगं दार वाजवावे हे जरा तोडून बोलल्यासारखं वाटतं. कोणी झोपलं असेल, कोणी आंघोळीला गेलं असेल, आपण मेलं दार वाजवायचं आणि त्याने टॉवेल गुंडाळून यायचं, बरं दिसतं का? सगळे म्हणाले, खरं आहे, खरं आहे. कोणी म्हणालं, 'विचारपूस करावी' लिहा. दुसरे म्हणाले, विचारपूस म्हणजे चौकशा, लोकांना आवडत नाहीत. शेवटी काकूंनीच काढला शब्द. 'लक्ष द्यावे.' पाटी पांढरी दिसल्यास लक्ष द्यावे. वा! काय सभ्य, काय मऊ! मलाही पटलं, कारण खासगीपणा या विषयावर मी मोठा निबंध लिहिला होता, चांगले मार्क मिळाले होते. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी शिट्टी वाजवली. नियम छापून जिन्यात चिकटवला.

आणि योजना काय चालली म्हणता! पहिल्या आठवड्यात इमारत हिरवीगार. दादाला मी रोज कळवायचे, तो म्हणायचा, बरं वाटलं गं ऐकून. मावशी तेवढ्या कुरकुर करायच्या. मी सकाळी त्यांच्याकडे डोकावायचे तेव्हा म्हणायच्या, ही काय ती बाहेर तबकडी टांगलीस, सकाळी उठून मी आधी माझे गुडघे हलवू की तुझी तबकडी? पण हलवायच्या. घरात राहायला मिळतंय म्हणून हलवायच्या.

फक्त एक अडचण झाली. लोक सकाळी पाटी हिरवी करायचे, पण रात्री पांढरी करायला विसरायचे. म्हणजे चोवीस तास हिरवी. मग अध्यक्ष म्हणाले, मुली, काळजी करू नको, ती जबाबदारी माझी. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते शिट्टी वाजवत वरपासून खालपर्यंत यायचे आणि सगळ्यांच्या पाट्या स्वतःच्या हाताने पांढऱ्या करायचे. त्यांची कवायतही व्हायची. पुढे त्यांच्या डोक्यात आणखी एक आलं. महिनाभर ज्या मजल्याच्या सगळ्या पाट्या वेळेत हिरव्या होतील, त्या मजल्याचा सत्कार. झालं! माणसाचं तुम्हाला माहीत आहे, सत्कार म्हटलं की तो मरायलासुद्धा टापटीप तयार असतो. पहिला मजला तक्रारभाऊंमुळे आधीच बाद. राहिला दुसरा आणि आमचा तिसरा. माझी आईच मला म्हणायला लागली, उठ गं, पाटी, पाटी! मी म्हटलं, बघा, वस्ती जागी झाली. आणि ग्रुपवर रोज सकाळी अध्यक्षांचा संदेश, 'सर्व पाट्या हिरव्या. सर्वांचे लक्ष आहे. अभिनंदन.'

आता तो दिवस. त्या सकाळी मला पालिकेच्या सभागृहात बोलायचं होतं. दुसऱ्या वस्त्यांतली माणसं येणार होती, आमची योजना ऐकायला. मी तयारीत इतकी बुडालेली, की आदल्या दिवशी मावशींकडे डोकावलेच नाही. आणि त्या सकाळीही उतरताना घाईत. दुसऱ्या मजल्यावर आले, मावशींच्या दाराशी उजेड इतका छान पडला होता, आणि पाटी हिरवी, आणि मला सभेत दाखवायला एक फोटो हवाच होता. काढला. एक काढला, मग वाकून एक काढला. आणि तोच दादाला पाठवला. खाली लिहिलं, 'मावशी ठणठणीत'. त्याचा अंगठा आला. मी गेले.

सभागृहात, तुम्हाला सांगते, मी अशी बोलले अशी बोलले... पडद्यावर मावशींची पाटी भिंतीएवढी. एक बाई तर डोळे पुसत होत्या.

आणि इकडे तक्रारभाऊंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं.

आता हा माणूस काय करणार? तो काय पाटी बघणार आहे? त्याच्या घरात, त्याच्या गादीवर, त्याच्या डोक्याशी, वरून पाणी! त्याला तर आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती तक्रार मिळाली, खरीखुरी, पुराव्यासकट. तो चपलासुद्धा न घालता वर धावला आणि त्याने मावशींचं दार बडवायला सुरुवात केली. धाड धाड धाड! उघडा! नळ सोडून झोपलात काय? माझं घर म्हणजे काय मोरी आहे? असा आवाज लावला म्हणता... आणि काय झालं माहीत आहे? सगळी दारं उघडली. खालची, वरची, समोरची. मी परत आल्यापासून जे बघायला डोळे लावून बसले होते ना, ते त्या दिवशी झालं, आणि मी नेमकी तिथे नव्हते. आईने सांगितलं. जिन्यात ही गर्दी. भांडण ऐकायला.

आतून उत्तर नाही. मावशी आणि उत्तर नाही? मावशींवर कोणी एवढं ओरडलं आणि मावशी गप्प? तेव्हा तक्रारभाऊंचा आवाज बदलला, आई सांगते. म्हणाला, अहो, ही बाई उलटून बोलत नाहीये. काहीतरी झालंय. आणि दाराला खांदा लावायला लागला. तेव्हा काकू म्हणाल्या, थांबा थांबा, दार मोडू नका, किल्ली आहे की माझ्याकडे.

किल्ली होती. समोरच्या घरात, मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्यात. मावशींनीच दिली होती कधीची. लक्ष असू द्या म्हणून.

मावशी मोरीच्या उंबऱ्यात पडलेल्या. अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर. आदल्या दिवशी सकाळी तोंड धुवायला गेल्या, पाय सटकला, खुब्याचं हाड गेलं. नळ थोडा उघडा राहिलेला, टॉवेल जाळीवर पडलेला, पाणी तुंबत तुंबत आलं. आदल्या दिवशी सकाळी! म्हणजे तो अख्खा दिवस, ती रात्र, आणि माझा फोटो काढून होईपर्यंत... आणि त्यानंतरही. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा चौघांनी त्यांना जिन्यातून उतरवलं आणि तक्रारभाऊ मागून सांगत होता, सावकाश, सावकाश, आणि ते छताचं कोण बघणार आहे?

मी पोचले थेट इस्पितळात. मावशी बोलत होत्या, पण आवाज कुठल्या कुठे गेलेला. मी हात धरला. मला वाटलं, ओरडतील, ओरडायला हवं होतं हो त्यांनी. त्या म्हणाल्या, "आवाज यायचे गं. चपला यायच्या दाराशी. मला वाटायचं, आलं कोणीतरी. मी म्हणायचे, इकडे, इकडे, पण आवाज निघतोय कुठे? मग पाटी वाजायची, टक. आणि चपला परत जायच्या."

मी त्यांची चादर सारखी केली.

मग म्हणाल्या, "आज एकदा दोनदा टिकटिक पण झाली काहीतरी. ते काय होतं?"

सांगा, काय सांगायचं? मी म्हटलं, मावशी, तुम्ही पडून राहा. त्या म्हणाल्या, तेच तर करत होते.

तुम्ही म्हणाल, पाटी तर पांढरी असायला हवी होती, बाई पडली सकाळी, हिरवी केली कोणी? मीही तेच म्हटलं! संध्याकाळी जिन्यात सगळे जमले होते, मी विचारलं, हिरवी कोणी केली? तर काकू पुढे आल्या. घाबरल्या नव्हत्या, लाजल्या नव्हत्या, उलट जरा दुखावल्या होत्या. म्हणाल्या, "मी केली. पांढरी दिसल्यावर लक्ष द्यायचं म्हणून तूच लिहिलंस ना? दिलं. म्हातारं माणूस, विसरलं असेल, कशाला उठवा, म्हणून मी आपली दोन्ही दिवस आठवणीने हिरवी केली."

आठवणीने! आणि खोटं नव्हतं त्यात काही. मावशींचे गुडघे दुखतात, त्यांना दारापर्यंत यायला नको, शिवाय दुसऱ्या मजल्याचा सत्कार हुकायला नको, असा सगळ्या बाजूंनी चांगला विचार करून त्या बाईने मशीन थांबवून, उठून, ओलांडून जाऊन पाटी फिरवली होती. आणि मधल्या संध्याकाळी अध्यक्षांनी येऊन शिट्टी वाजवून ती पांढरी केली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवली. म्हणजे बघा, पाटी वेळेवर झोपली, वेळेवर उठली, दोन्ही दिवस. मावशी सोडून सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. लक्ष नव्हतं असं म्हणायची सोय नाही हो कोणाला! सगळ्यांचं लक्ष होतं. काकूंचं लक्ष, अध्यक्षांचं लक्ष, माझं तर चांगलं वाकून, उजेड बघून लक्ष.

आई एवढंच म्हणाली, दुरून ठेवलेल्या लक्षालाच दुर्लक्ष म्हणतात. पण ती हळू म्हणाली. मला ऐकू जाईल एवढंच.

अध्यक्षांनी मात्र लगेच सभा सुरू केली. झालं ते वाईट झालं, आता पुढे काय? आणि लोक उत्साहात, काय सांगू तुम्हाला. कोणी म्हणालं, पाटीला छोटं कुलूप घाला, म्हणजे दुसरं कोणी फिरवणार नाही. कोणी म्हणालं, प्रत्येक पाटीवर एक कॅमेरा लावा, कोण फिरवतंय ते दिसेल. कोणी म्हणालं, तिसरा रंग आणा, 'दुसऱ्याने फिरवली' असा. एकाच्याही तोंडून येईना, की दार वाजवू या. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मी बोलले तर तिथे तीन रंगांचीही योजना तयार होईल आणि ती मला चांगली मांडता येईल. म्हणून मी वर निघून आले.

वर येते तर दादाचा फोन. आरडाओरडा नाही. माणूस दमल्यासारखा बोलत होता. म्हणाला, वृद्धाश्रमात जागा धरून ठेवायला सांगितलीय. इस्पितळातून सुटली की थेट तिकडे. मी म्हटलं, दादा, असं करू नको रे, मावशी तिथे जगायच्या नाहीत, त्यांना बेल दाबता येत नाही. मला एक संधी दे, मी...

तो म्हणाला, "योजना नको. एक माणूस सांग. एकच. जो रोज जाऊन दार वाजवेल, आणि आतून आवाज येईपर्यंत हलणार नाही."

मी म्हटलं, मी आहे ना.

त्याने विचारलं, तू? मग म्हणाला, "तू मला फोटो पाठवलास."

त्याने उद्यापर्यंत थांबतो म्हटलं, आणि फोन ठेवला.

मग मी विचार करत बसले. एक माणूस. आमच्या एवढ्या मोठ्या इमारतीत एक माणूस सापडत नाही म्हणजे काय! काकू? काकू प्रेमळ आहेत, त्या दाराशी जातील, कान लावतील आणि म्हणतील, झोपल्या वाटतं, आणि परत येतील. अध्यक्ष? शिट्टी वाजवतील, हजेरी झाली म्हणतील. आई? आईचे स्वतःचे गुडघे आता बोलायला लागलेत. मी एकेक घर मनात घेतलं आणि जो तो इतका चांगला निघाला, इतका समजूतदार, दुसऱ्याला त्रास नको म्हणून जपणारा, की मला रडायला यायला लागलं. या चांगुलपणाला दार म्हणून वाजवता येत नव्हतं हो! सगळे आपले दाराबाहेर, पायातल्या चपलांचा आवाज न करता, काळजी करणार. एखादा तरी असा हवा होता, ज्याला समोरच्याच्या झोपेची, टॉवेलची, खासगीपणाची काही पडलेली नाही. आणि असे जे एक होते, त्या मावशी, त्या तर इस्पितळात पाय बांधून पडलेल्या.

सकाळ झाली. आईने चहा ठेवला. मी न पिता खाली उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबले नाही. पहिल्या मजल्यावर गेले आणि तक्रारभाऊंचं दार वाजवलं. नाही, खोटं कशाला सांगू, बडवलं. तो बनियनवर बाहेर आला, हातात बादली, आणि मला काही बोलूच देईना, छत फुगलंय, रंग गेला, गादी उन्हात टाकलीय, ती कोण उचलणार, आणि तुमच्या त्या पाट्यांनी काय दिवे लावले? मी सगळं ऐकून घेतलं. मग म्हटलं, भाऊ, एक काम आहे. मावशी परत आल्या तर रोज सकाळी वर जाऊन त्यांच्याशी भांडाल का?

तो बघतच राहिला. म्हणाला, रोज?

म्हटलं, रोज. त्या उलट बोलेपर्यंत.

म्हणाला, आणि नाही बोलल्या तर?

म्हटलं, तर खांदा लावायचा. काल लावला होतात तसा.

बादली त्याने खाली ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणार, माणसाच्या डोळ्यांत पाणीबिणी येतं ना अशा वेळी, तसं. तर म्हणाला, "भांडणाला कारण लागतं. छत एकदा दुरुस्त झालं की मग काय करायचं?"

मी म्हटलं, मग दुरुस्त नको करायला.

यावर त्याने दार माझ्या तोंडावर लावलं. त्याचं 'हो' असं असतं, हे मला त्याच सकाळी कळलं.

मी तिथेच पायरीवर बसले आणि फोन लावला. म्हटलं, दादा, माणूस मिळालाय. माणूस वाईट आहे रे. पण दार वाजवतो.